लेफ्ट आउटची जागा

३ जुलै १९३८, रविवार

आज क्लबची मीटिंग झाली. इतवारी बाजारात भैयाजींच्या कापड दुकानामागे, गठ्ठ्यांवर बसून. भैयाजी क्लबचे प्रेसिडेंट आणि मी त्यांच्याच दुकानात कारकून, त्यामुळे मी वेळेवर हजर होतो. ठराव एकमताने पास: वामनराव डाखोळे यांना क्लबचे मॅनेजर नेमावे. म्हणजे मला.

नागपुरात मॅनेजर असलेला क्लब माझ्या तरी ऐकण्यात नाही. विलायतेत असतात. वाचनालयात पेपरात फोटो पाहिला आहे. हॅट घालून मैदानाच्या कडेला उभा राहतो, स्वतः खेळत नाही, आणि टीम जिंकते. वय अठ्ठावीस म्हणजे जरा लहान. पण गुडघा गेल्यापासून मी विचार फार करतो. तीन वर्षांपूर्वी आपल्या क्लबने कन्हान शील्ड जिंकली ती कोणाच्या जोरावर, हे आमच्या शुक्रवारी वस्तीत कोणालाही विचारा. सेंटर फॉरवर्ड मी, लेफ्ट आउट गणपत. तो डावीकडून द्यायचा, मी मारायचो. दुसऱ्या कोणाचं काम नसायचं.

गणपत गेल्याला दोन वर्षं झाली. मोतीझऱ्याने गेला. त्या विषयावर मी बोलत नाही. आजच्या मीटिंगमध्येही बोललो नाही. फक्त एकदा, ओघात. भैयाजींनी दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या तेव्हा थांबलो.

संकल्प: शील्ड परत आणणे. पोरांवर न ओरडणे. जुन्या गोष्टी न काढणे.

६ जुलै

पहिली प्रॅक्टिस. हॅट घातली. पोट्टे हसले. हसण्याने टीममध्ये खेळीमेळी राहते.

माझी सिस्टिम समजावून सांगितली. हल्ला नेहमी डावीकडून. बॉल मिळाला की डावीकडे. रुपरावने हात वर केला. रुपराव आपला कॅप्टन, फुल बॅक, मिलमध्ये स्पिनिंग खात्यात आहे, गणपत आणि मी खेळायचो तेव्हापासून टीममध्ये. म्हणाला, डावीकडे आपल्याजवळ आहे कोण गा? गणपतनंतर त्या बाजूले कोणी टिकलंच नाही.

म्हटलं, जागा तयार ठेवा, माणूस येईल.

वाक्य चांगलं झालं. लिहून ठेवतो.

१० जुलै

हे कोणाला सांगायचं नाही.

प्रॅक्टिस संपली होती. तिन्हीसांजेचा उजेड, पोरं विहिरीवर पाणी पीत होती. मी सेंटरला एकटाच उभा होतो, पुढच्या योजनेचा विचार करत. डावीकडच्या कॉर्नरवरून हाक आली. "वाम्या!"

स्वच्छ. मधला 'म्या' जरा ओढलेला. असा तो बॉल मागायचा.

वळून पाहिलं. गवत. गवतापलीकडे नाला.

मी घाबरलो नाही. मॅनेजरला असे अनुभव येतच असतील. घरी येताना रस्ता बदलला तो चिखलामुळे.

११ जुलै

रुपरावला सांगितलं. तो म्हणाला, नाल्यावर धोबी राहतात, त्यांच्यातलं कोणी ओरडलं असेल. विचारलं, धोबी मला वाम्या काहून म्हणतील? त्याने फक्त माझ्या हॅटकडे पाहिलं. रुपराव खेळाडू चांगला आहे, कल्पनाशक्ती कमी.

१५ जुलै

महत्त्वाचा शोध. बॉल सेंटरला ठेवून सोडून दिला की आपोआप डावीकडे जातो. पुन:पुन्हा करून पाहिलं. हळूहळू निघतो, मग कोणी बोलावल्यासारखा वेग घेतो आणि लेफ्ट आउटच्या जागेवर जाऊन थांबतो.

रुपराव म्हणतो, मैदानाले नाल्याकडे उतार आहे.

आमच्या वेळी उतार नव्हता.

२१ जुलै

माणूस सापडला! ताराचंद. विणाई खात्यात नवीन लागला आहे, उमरेडकडचा. विशीतला. पळतो तर असा की डोळ्यात धूळ जाते. रुपरावचं मत, हा जन्माचा सेंटर फॉरवर्ड आहे, सरळ मधून घुसतो. पोराचंही तेच म्हणणं. त्याला लेफ्ट आउट केलं.

म्हणाला, "वामनराव, मले डाव्या पायानं मारताच येत नाही."

म्हटलं, "मारू नको. आधी तिथं उभा राहायला शीक."

बराच वेळ उभा केला. पाठीमागून पाहिलं तर खांदे तसेच आहेत. मान थोडी आखूड. मान कोणी पाहत नाही.

२६ जुलै

गणपतच्या आईकडे गेलो, प्रयागबाईंकडे. दोन वर्षांत जाणं झालं नव्हतं. दुकानाचं काम असतं.

एकट्याच राहतात. मला पाहून उठल्या, बसायला पोतं टाकलं, ज्वारीची भाकर आणि चवळीची भाजी वाढली. मी सरळ विषयाला हात घातला. गणपतची जर्सी हवी आहे, क्लबच्या कामासाठी. त्या आत गेल्या. लवकर बाहेर आल्या नाहीत. मग आणून माझ्या मांडीवर ठेवली. कोपराला ठिगळ, तेच.

"घेऊन जाय. पेटीत कायले ठेवू मी."

म्हटलं, ही जर्सी पुन्हा लेफ्टला धावणार आहे. त्यांनी भाजी घेशील का विचारलं. बाईमाणसाला खेळातलं एवढं कळत नाही.

३१ जुलै

ताराचंदला जर्सी घातली. मी सेंटरला उभा राहून हाक मारली, "गणप्या!"

त्याने पाहिलं नाही. हरकत नाही.

५ ऑगस्ट

आज पाहिलं. तिसऱ्या हाकेला. मान वळवली, आणि क्षणभर, खरंच सांगतो, मान आखूड नव्हती. प्रगती आहे.

ताराचंदची तक्रार: या जर्सीत मले थंडी वाजते. ऑगस्टच्या उकाड्यात! त्याची बायको शामला मैदानावर आली होती. लहानशी, पण आवाज मोठा. माझ्यासमोर त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला आणि म्हणाली, "भाऊ, माह्या माणसाले त्याच्या नावानं हाक मारत जा."

नाव वापरायचं कबूल केलं. मैदानाबाहेर.

७ ऑगस्ट, रविवार

पहिली राउंड जिंकली. एक-शून्य. गोल समोरच्या बॅकच्या पायाला लागून त्यांच्याच जाळ्यात गेला. तो बॅक आमच्या डाव्या बाजूचा होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सिस्टिमचा दबाव.

१४ ऑगस्ट

दुसरी राउंडही जिंकली. रामाजी आमचा गोलकीपर, त्याने बरेच बॉल अडवले असं लोक म्हणतात. मी तिकडे पाहत नव्हतो.

आमचे पास मात्र सारखे डावीकडे लाइनबाहेर गेले. मी पोरांना सांगून ठेवलं आहे, ताराचंद पोचण्याआधीच बॉल सोडा, गणपतला असाच लागायचा. प्रेक्षक ओरडत होते, अरे कोणाले देऊन राहिले? रुपराव संपल्यावर तेच विचारायला आला. म्हटलं, पास अचूक होता. माणूस नव्हता.

तो म्हणाला, "वामन, माणूस नाहीच आहे गा. तो गेला. आपणच दोघांनी त्याले खांदा दिला."

मी हॅट झटकली. कॅप्टनने मॅनेजरला एकेरी बोलू नये, असा नियम करावा लागेल.

१८ ऑगस्ट

बायकोने, चारुशीलाने, जेवताना विचारलं, "तुम्ही हे ताटाच्या डाव्या अंगाले जागा सोडून काहून बसता?"

पाहिलं तर खरंच. पाट भिंतीला चिकटलेला, आणि डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा. तिचं म्हणणं असं की मी रस्त्यानेही तसाच चालतो. इतवारीत हातगाड्या अंगावर येतात तरी उजव्या नालीत उतरतो, डावीकडे सरकत नाही. परवा महाल भागात तिच्या बहिणीने पाहिलं. तिला वाटलं माझ्यासोबत कोणी आहे. कोण होतं, असं तिने चारुशीलाला विचारलं.

चारुशीला हसली नाही. मीही हसलो नाही. दोघांनी वरण संपवलं.

२१ ऑगस्ट

आता रोजच. उजेड कमी झाला की. "वाम्या!" कधी कॉर्नरवरून, कधी हाफ लाइनवरून. जणू धावत वर येतो आहे. मी आता वळत नाही. वळलं की थांबतं. न वळता उभा राहिलो की जवळ येतं. आज इतकं जवळ की पावलांखाली गवत चुरचुरलं.

पोरं लवकर घरी जायला लागली आहेत. मॅचेसचा थकवा.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

काल पोळा, आज मारबत. दुकान बंद. मिरवणूक पाहायला गेलो. ही गर्दी. पिवळी मारबत, बांबू-कागदाचा तो उंच पुतळा, हलत डुलत येत होती आणि लोक बोंबलत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. तेवढ्यात ओळखीचे आवाज. आपलीच पोरं, रामाजी सगळ्यांत पुढे:

"लेफ्ट आउटचं भूत घेऊन जाऽऽ गे मारबत!"

गर्दीला काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी उचललं. सगळी गल्ली तेच ओरडू लागली. ताराचंदही ओरडत होता, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून.

मी रागावलो नाही. पण मला एकदम धास्ती वाटली की ती खरंच घेऊन जाईल. लोकांना रेटत तिच्या मागे निघालो. पार शेवटपर्यंत गेलो. जाळली तेव्हा ज्वाळांच्या समोर उभा होतो आणि नीट पाहत होतो, आपलं काही जळत तर नाही ना.

मग तिथूनच सरळ मैदानावर गेलो. कॉर्नरजवळ उभा राहिलो.

"वाम्या!"

आहे. बरं वाटलं. घरी आलो तेव्हा शर्टाला धुराचा वास होता. चारुशीलाने पाणी तापवलं होतं.

४ सप्टेंबर, रविवार

सेमी-फायनल. जिंकलो, दोन-एक. पण माझ्या दृष्टीने हा दिवस वाईट.

हाफ टाइमनंतर आपण मागे होतो. ताराचंदने जागा सोडली. माझ्या डोळ्यांदेखत लेफ्टची लाइन सोडून मधे घुसला आणि उजव्या पायाने गोल मारला. थोड्या वेळाने परत. लोक नाचत होते. भैयाजींनी फेटा उडवला. मी मात्र डावीकडे पाहत होतो. रिकामं. इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. हाकही नाही.

मॅच संपल्यावर त्याला सगळ्यांसमोर झापलं. तुला तिथं उभं केलं होतं. तू जागा सोडलीच कशी?

पोराचा श्वास अजून बसला नव्हता. म्हणाला, "मी दोन गोल मारले, वामनराव."

"तुझी जागा कोणती होती?"

"ती माही जागा नाही. मी तिथं उभा राह्यलो की तुम्ही माह्याकडे पाहताच नाही. माह्या आरपार पाहता. मले वाटते मीच मेलो आहो." आणि त्याने जर्सी काढली, घडी केली, नीट घडी केली, आणि माझ्या हातात दिली. "मी फायनल खेळीन. याच्यात नाही."

मी त्याला टीममधून काढलं. रुपराव म्हणाला, त्याले काढलं तर आम्ही दहाही येत नाही. रामाजीने मान डोलावली. भैयाजी म्हणाले, वामनराव, दुकानात उद्या लवकर या, बोलू.

५ सप्टेंबर

समझोता झाला. ताराचंद सेंटर फॉरवर्ड. त्याच्या मनासारखं, आणि साध्या जर्सीत. मग लेफ्ट आउट कोण, असं भैयाजींनी विचारलं.

मी म्हटलं, "मी."

दुकानात कोणी हसलं नाही. असा आदर मला फार दिवसांनी मिळाला.

नंतर रुपराव एकटा थांबला. विचारलं, गुडघ्याचं काय? म्हटलं, बरा झाला. त्याने माझा गुडघा हातात धरून हलवून पाहिला, गाडीवान बैलाचा पाय पाहतो तसा. "खेळ तू," म्हणाला. "एकदा खेळून घे बावा. मंग तरी सोडशील." काय सोडेन, ते बोलला नाही.

८ सप्टेंबर

तयारी. तिळाचं तेल, शेक, पट्टी. वस्तीतल्या शुक्रवारी तलावाला धावत फेरी मारायचं ठरवलं होतं. अर्ध्यावर विचार आला की शक्ती फायनलसाठी राखावी. टांग्याने परत.

जर्सी घालून पाहिली. गणपत माझ्याएवढाच होता, तरी काखेत आवळते. सुती कापड पेटीत राहून आटतं.

चारुशीला दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "मले भेव वाटून राहिलं." तिला आठवण करून दिली, समोरची टीम कामठीची असली आणि बूट घालून खेळत असली तरी बूट म्हणजे सर्व काही नव्हे. ती म्हणाली, "मी कामठीचं नाही म्हणून राहिली."

१२ सप्टेंबर, सोमवार. अंथरुणातून.

काल फायनल झाली.

क्रमाने लिहितो. मॅनेजरने रेकॉर्ड ठेवलं पाहिजे.

मैदान भरलं होतं. प्रयागबाईही आल्या होत्या, मीच निरोप पाठवला होता. लिंबाच्या झाडाखाली चारुशीलाजवळ बसल्या. मी अनवाणी मैदानात उतरलो, लेफ्टच्या लाइनवर जाऊन उभा राहिलो, आणि मला एक गोष्ट समजली. या जागेवरून मैदान वेगळंच दिसतं. सगळा खेळ दूर असतो. तुमच्या बाजूला कोणीच नसतं. इतकी वर्षं मी मधून या जागेकडे पाहत होतो, इथून कधी पाहिलं नव्हतं. तो इथं रोज एवढा एकटा उभा असायचा का?

बराच वेळ बॉल आलाच नाही. मग ताराचंदने मधून दिला. सुंदर पास, सरळ पायावर. समोर मोकळं. मला फक्त पळायचं होतं.

त्याच वेळी हाक आली. "वाम्या!"

डावीकडून. पण मी लाइनवर उभा होतो. माझ्या डावीकडे मैदान नव्हतंच. तरी तिथूनच, कानाशी, श्वास ऐकू येईल अशी.

मी बॉल त्याला दिला.

सर्व ताकदीनिशी, डाव्या पायाने. बॉल लाइनबाहेर गेला, प्रेक्षकांच्या डोक्यावरून, उभ्या टांग्यांत. एक घोडा उधळला. माझ्या गुडघ्यात काडी मोडल्यासारखा आवाज झाला आणि मी पडलो. काखेत जर्सी टर्रकन फाटली. लोक हसत होते. मी पडल्या पडल्या डावीकडे पाहत होतो, त्याने घेतला का ते. तिथे एक टांगेवाला घोड्याला थोपटत होता.

रुपराव आणि रामाजीने उचलून बाहेर ठेवलं. दहा जणांनी पुढचा खेळ खेळला. ताराचंदने दोन मारले. दोन-एक. शील्ड आपली.

१३ सप्टेंबर

शांतपणे विचार केला असता, विजयाची योजना माझीच होती. मी पडल्यावर कामठीचे दोन बॅक मला पाहायला डावीकडे आले, त्यामुळे मधली बाजू मोकळी झाली. भैयाजींना चिठ्ठीने कळवलं आहे. उत्तर नाही. फोटो काढला म्हणतात. मी नव्हतो.

१४ ते १७ सप्टेंबर

गुडघा सुजलेला. डॉक्टर म्हणतात, आता पळायचं विसरा. हाक नाही. घरात येणार तरी कशी, मैदान दूर आहे.

१८ सप्टेंबर, रविवार

प्रयागबाई आल्या. पायी. पदराखालून डब्यात लाडू. खाटेजवळ खाली बसल्या आणि माझ्या पायावरून हात फिरवत राहिल्या. जर्सी फाटली म्हणून मी माफी मागितली. म्हणाल्या, "फाटू दे. लय दिवसांनी हसली मी. तू टांग्यात बॉल मारला तवा."

मग मी बोलायला लागलो. म्हटलं, गणपत असता तर त्याने तो बॉल लाइनवरून परत आणला असता. त्याच्यासारखं फुटबॉलचं वेड मी पाहिलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वेड? त्याले कुठं फुटबॉल आवडे गा."

मी हसलो.

"त्याचा जीव कबुतरांत. सांजच्याले कबुतरं उडवायची वेळ, अन् तीच वेळ तू दारात. 'गणप्या, चाल.' कबुतरं तशीच खुराड्यात टाकून तो निघे. मी म्हणे, एखाद दिवस नाही म्हण ना त्याले. तर म्हणे, माय, वामन एकटा काय करीन तिकडे."

चारुशीला चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

मी विचारलं, तो कधी मला बोलला कसा नाही? प्रयागबाई म्हणाल्या, "तू विचारलं होतं का बावा?" रागाने नव्हे. भाजी घेशील का विचारलं होतं, त्याच आवाजात. मग लाडवाचा डबा उशाशी सरकवून निघून गेल्या.

वय झालं आहे त्यांचं. आठवणी इकडच्या तिकडे होतात.

२० सप्टेंबर

नाही, आठवणी बरोबर आहेत. शील्ड जिंकली त्या दिवशी सगळे शील्डकडे पाहत होते आणि तो वर. मला वाटलं देवाचे आभार मानतो आहे. कबुतरं चालली होती, पांढरी, महालाकडे. आज आठवलं.

२५ सप्टेंबर, रविवार

रुपराव टांगा घेऊन आला, मैदानावर चाल म्हणाला. वाटेत त्याने सांगितलं, कमिटीने मॅनेजरचं पद रद्द केलं, क्लबच्या नियमांत असं पदच नाही. टीम आता ताराचंद निवडतो. मी म्हटलं, योग्य आहे, मला दुकानात काम असतं.

भैयाजींनी माझ्यासाठी दुकानातली खुर्ची पाठवली होती. कुठे ठेवू, असं रुपरावने विचारलं. डावीकडच्या कॉर्नरजवळ ठेवायला सांगितली. बसलो. मागे नाला, पुढे सगळं मैदान. उजेड उतरू लागला. मी वळलो नाही. श्वासही हळू घेतला. कोणी बोलावलं नाही. धोब्यांनीसुद्धा नाही.

तेवढ्यात पावलं वाजली, धावत जवळ येणारी. मी डोळे मिटले.

"वामनराव."

ताराचंद होता. धापा टाकत. म्हणाला, "जरा खुर्ची मागं घेता का? तिथून थ्रो घ्यायचा आहे."

घेतली.